बिल्डिंग कुरूप दिसते, हरकत घेता येते का? : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं खूप आली आणि त्यातली बरीचशी एकाच दुखण्याची होती. आपल्या गल्लीत, गावात, कॉलनीत काहीतरी भयानक दिसणारं उभं राहतंय, आपल्याला कोणी विचारलेलं नाही, मग बोलायचं कुठे आणि कसं? म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला देतोय. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : आम्ही पुण्यात शनिवार पेठेत राहतो. शेजारचा जुना वाडा पाडला आणि आता तिथे उंच बिल्डिंग येतीये. बोर्डावर जे चित्र लावलंय ते बघून जीव कळवळतो, खाली पार्किंगचे मजले म्हणजे रस्त्याकडे नुसती बंद भिंत आणि वर सगळी निळी काच. गल्लीतल्या सगळ्यांनी सह्या करून महापालिकेत पत्र दिलं की आमच्या गल्लीची शोभा जातीये. काही उत्तर नाही. आमचं काय चुकलं?

उत्तर : तुमच्या भावनेत काहीच चुकलेलं नाही, हे आधी सांगतो. घर मालकाचं असलं तरी घराचा दर्शनी भाग रोज बघायचा असतो तो समोरच्यांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना, त्यामुळे त्यावर बोलायचा हक्क तुम्हाला आहेच असं मी मानतो. पण कायदा तसं मानत नाही ही अडचण आहे. आपल्याकडे खासगी बांधकामाची परवानगी ही अर्जदार आणि महापालिका या दोघांतली गोष्ट धरली जाते, १९६६ च्या नगररचना कायद्यात (लोक एमआरटीपी म्हणतात तोच) शेजाऱ्याला नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं असं साध्या परवानगीसाठी कुठेच नाही, आणि परवानगी नाकारली तर कलम ४७ खाली अपील करता येतं तेही फक्त अर्जदाराला. मग 'शोभा जाते' असं पत्र टेबलावर आलं की अधिकारी ते कुठल्या नियमात बसवायचं हेच शोधत राहतो, आणि नाही बसलं की ते फाइलला लागतं.

म्हणून पत्र दुसऱ्यांदा लिहा आणि या वेळी डोळ्यांना जे खुपतंय त्यामागे नियमातलं काय आहे ते शोधून लिहा. बिल्डिंग अंगावर आल्यासारखी वाटते? मग साइड मार्जिन आणि फ्रंट मार्जिन (बाजूला आणि पुढे सोडायची मोकळी जागा) मोजून घ्या. फार उंच वाटते? रस्त्याची रुंदी किती आणि त्या रुंदीवर किती उंची चालते हे विचारा. काचेचा डबा वाटतो? फायर एनओसी (अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला) बघा, आग लागली तर धूर बाहेर जायला उघडणाऱ्या खिडक्या आहेत का, तुमच्या गल्लीत अग्निशमनची गाडी वळते का. मुंबई सोडून जवळपास सगळ्या महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून बांधकामाची एकच नियमावली लागू आहे, यूडीसीपीआर, ती नेटवर मिळते, जाडजूड आहे पण तुम्हाला त्यातली चार-पाच पानंच लागणार आहेत.

ब्रीच कँडीच्या 'प्रतिभा' बिल्डिंगचं उदाहरण म्हणूनच सांगावंसं वाटतं. ३६ मजली टॉवर, आणि वरचे ८ मजले पाडायचा महापालिकेचा आदेश थेट सुप्रीम कोर्टात १९९१ साली कायम झाला. समुद्रकिनाऱ्यावर ती कुरूप दिसत होती म्हणून नाही, तर मंजूर एफएसआयपेक्षा (प्लॉटच्या मानाने जेवढं बांधता येतं त्यापेक्षा) जास्त बांधलं म्हणून.

आता तुमच्या पत्त्यामुळे एक फार महत्त्वाची गोष्ट. तुम्ही शनिवार पेठेत आहात म्हणजे शनिवारवाडा किती लांब आहे ते आजच मोजा. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आणि स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरमधे नवीन बांधकामच करता येत नाही, पुढच्या २०० मीटरमधे करायचं तर राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची एनओसी लागते. ही एनओसी उंचीला धरून असते. त्या पट्ट्यात तुमचा प्लॉट येत असेल तर महापालिकेला पत्र लिहीत बसण्यापेक्षा पुरातत्त्व खात्याच्या मुंबई मंडळाला लिहा, एनओसी आहे का, किती मीटरची आहे आणि बोर्डावरची बिल्डिंग तेवढीच आहे का, हे तीन प्रश्न पुरे. पाताळेश्वरच्या आसपास राहणाऱ्यांनाही हेच लागू.

कागद कुठून मिळवायचे? साइटवर परवानगीचा नंबर, आर्किटेक्टचं नाव वगैरे लिहिलेला बोर्ड लावणं बंधनकारक आहे, त्याचा फोटो काढा. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील तर प्रोजेक्ट महारेरावर (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदवावा लागतो, तिथे मंजुरीची कागदपत्रं घरबसल्या दिसतात, ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही असतो, तो स्कॅन केला की झालं. बाकी माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, त्यामुळे आपली व्यथा त्यात लिहू नका, फक्त मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करायची परवानगी), फायर एनओसी आणि फाइलवरच्या टिपणीची प्रत एवढंच मागा, आणि फाइलचं अवलोकनही मागा, कारण फाइल प्रत्यक्ष चाळताना जे दिसतं ते मागितलेल्या प्रतींमधे दरवेळी येतंच असं नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

आणि प्लॉटवर झाडं आहेत का? हे लोक विसरतात! खासगी बांधकामासाठी शेजाऱ्याला हरकत घ्यायची खरीखुरी खिडकी उघडते ती बऱ्याचदा झाडांमुळे, १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्याखाली झाड तोडायचं असेल तर झाडावर नोटीस लागते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष धरतात, त्याला जास्त संरक्षण आहे. जुन्या वाड्याच्या परसातला आंबा किंवा वड सहज पन्नाशी ओलांडलेला असतो. झाड वाचलं तर बिल्डिंगचं डिझाइन त्याच्याभोवती बदलावं लागतं, निदान तिच्यापुढे थोडी सावली तरी राहते. सात दिवस म्हणजे अगदी थोडे, रविवार धरून सात, तेव्हा गल्लीतल्या कोणीतरी ही जबाबदारी घेऊन ठेवा.

शेवटची गोष्ट, जी लोकांना कमीपणाची वाटते पण मला सगळ्यात परिणामकारक वाटते. आर्किटेक्टला भेटा. दहा-बारा जण जाऊ नका, तिघं जा, त्यातली एखादी आजी असू दे जिचं आयुष्य त्या गल्लीत गेलंय. काय पाडा हे सांगू नका, काय बदला हे सांगा : पार्किंगच्या बंद भिंतीऐवजी रस्त्याकडे दोन दुकानं, नाहीतर विटांची जाळी, बसायला ओटा, काचेऐवजी गॅलरी आणि छज्जे, रंग गल्लीत मिसळणारा. यातल्या कितीतरी गोष्टींना एफएसआय लागत नाही, खर्चही फार वाढत नाही, आणि बिल्डरलाही त्या गल्लीत दोन-तीन वर्षं ट्रक आणायचे असतात, शेजाऱ्यांशी वाकडं त्यालाही परवडत नाही. फक्त हे जोता होण्याच्या आत करा, आरसीसी वर गेलं की त्यानंतर कोणी मनावर घेत नाही.

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. नगरपालिकेची नवी प्रशासकीय इमारत होणार आहे, चित्र पेपरात आलं. पुढे रोमन खांब, मधे घुमट, बाकी तिन्ही बाजूंनी काच. गावात कोणालाच आवडलेलं नाही पण 'विकासाला विरोध कसा करायचा' म्हणून सगळे गप्प आहेत. दादा, इथे तरी आमचं म्हणणं चालेल का?

उत्तर : इथे तर चाललंच पाहिजे, आणि तुम्ही गप्प बसू नका अशी कळकळीची विनंती आहे! मागच्या प्रश्नातली बिल्डिंग खासगी होती, ही तुमच्या पैशाची आहे. खासगी माणसाला 'मला हे आवडत नाही' सांगताना आपल्याला नियम शोधावा लागतो, पण सार्वजनिक इमारतीच्या बाबतीत न आवडणं हेच पुरेसं कारण आहे, ते सभ्य भाषेत, सह्यांनिशी आणि वेळेत सांगा.

वेळेत म्हणजे केव्हा? अशा कामाला आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग टेंडर, मग कार्यादेश असा क्रम असतो. टेंडर निघायच्या आत चित्र बदलणं सोपं, टेंडर निघाल्यावर अवघड आणि कार्यादेश दिल्यावर जवळजवळ अशक्य, कारण मग प्रत्येक बदल म्हणजे ठेकेदाराला जादा पैसे. तेव्हा पहिलं काम, मुख्याधिकाऱ्यांकडे जाऊन काम कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारा आणि महाटेंडर्सच्या साइटवर स्वतः बघून खात्री करा. मग तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला सांगा की हा विषय सभेत घे, प्रशासक असेल तर थेट त्याला निवेदन द्या. निवेदनाची पोच घ्या, आवक नंबरासकट.  नगरपालिकेचा एखादा ठराव बेकायदा असेल किंवा त्याने लोकांना त्रास होणार असेल तर त्याची अंमलबजावणी थांबवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना १९६५ च्या नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ मधे आहे, पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये, कारण दिसण्याच्या मुद्द्यावर ते कलम वापरलं जाणं कठीण, आणि गावात उगाच दोन तट पडतात.

आता मुद्दे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. पश्चिमेला काच लावली की दुपारी तीननंतर आत बसणं अशक्य, म्हणजे एसी आला, म्हणजे विजेचं बिल आलं, ते भरणार नगरपालिका म्हणजे तुम्ही. वीज गेली की काय? काच उघडत नसेल तर दाखल्यासाठी रांगेत उभी असलेली म्हातारी माणसं घामाघूम. शिवाय धूळ. आपल्याकडे काच महिन्यातून दोनदा तरी धुवायला लागते आणि चौथ्या मजल्यावरची काच बाहेरून कोण धुणार? हे प्रश्न निवेदनात अगदी याच भाषेत विचारा : वर्षाचं अंदाजे वीज बिल किती धरलंय, काच साफ करायची तरतूद काय, वीज गेल्यावर हवा कुठून येणार. 'विकासाला विरोध' म्हणणाऱ्याला या तीन प्रश्नांवर बोलायला लावा.

आणि नुसतं नको म्हणू नका, काय हवं ते सांगा. तुमच्याच जिल्ह्याच्या महापालिकेचं इंद्रभुवन बघायला शाळेची मुलं घेऊन जा, सार्वजनिक इमारत बघून अभिमान वाटणं म्हणजे काय ते तिथे कळतं. त्याची नक्कल करायला सांगत नाहीये मी, नक्कल केली तर तेही रोमन खांबांसारखंच होईल. पण जाड भिंत, खोल व्हरांडा, मधे अंगण, वर छज्जा, आपला काळा दगड, या सगळ्या गोष्टी आपल्या हवेसाठी शोधलेल्या आहेत आणि आजही स्वस्तात करता येतात. जवळच्या शहरात आर्किटेक्चरचं कॉलेज असेल तर तिथल्या सरांना विचारा, मुलांना पर्यायी स्केचेस करायला आवडतं. ती स्केचेस बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर लावा, शेजारी नगरपालिकेचं चित्र लावा आणि लोकांना वहीत लिहू द्या. माझ्या मते शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा अशी लोकांच्या हस्ताक्षरातली वही सभेत जास्त बोलते.

प्रश्न : गिरगावात आमची जुनी वाडी आहे, लाकडी जिने, कौलं. शेजारी टॉवर होतायत. वाडी हेरिटेज यादीत गेली तर वाचेल का?

उत्तर : वाचायची शक्यता नक्की वाढते. मुंबईत १९९५ पासून हेरिटेजचे नियम आहेत, आणि देशात असे नियम सगळ्यात आधी आले ते मुंबईतच. ग्रेड एक, दोन, तीन, आणि काही भाग अख्खे परिसर म्हणून यादीत. यादीतल्या वास्तूच्या बाबतीत दिसणं हाच विचाराचा विषय असतो, मुंबई हेरिटेज संवर्धन समिती दर्शनी भाग, उंची, साहित्य सगळं बघते. म्हणजे 'शोभा जाते' हे वाक्य ज्या टेबलावर ऐकून घेतलं जातं ते टेबल हे. दिल्लीत यासाठी १९७३ च्या कायद्याने नगर कला आयोगच नेमलेला आहे, महत्त्वाच्या बांधकामाचं रूप तो तपासतो. प्रत्येक मोठ्या शहरात असा आयोग हवा असं मला फार मनापासून वाटतं.

पण ताई, एक गोष्ट आधी करा, वाडीतल्या प्रत्येक मालकाशी आणि भाडेकरूशी बोला. २०१२ साली मुंबईत ९४८ नव्या नोंदींची यादी काढली तेव्हा शिवाजी पार्कसारख्या भागातल्या बऱ्याच रहिवाशांनीच हरकती घेतल्या, आता रिडेव्हलपमेंट अडकणार, पडक्या घरात आयुष्य काढायचं का, अशी भीती होती, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर गळतंय त्यांना सौंदर्य शिकवायला जाऊ नका, दुरुस्तीचे पैसे कुठून येतील यावर आधी बोला, हेरिटेज टीडीआर (न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची सोय) मिळू शकतो का ते आर्किटेक्टकडून समजून घ्या, मग अर्जाला हात घाला.

प्रश्न : मी इंग्लंडमधे राहते. मागच्या घरवाल्यांनी दोन मजली एक्स्टेन्शनचा अर्ज केलाय, अगदी ठोकळा आहे. इथे मराठी शेजाऱ्यांमधे 'आपण बाहेरचे, आपण कशाला बोला' असं चालतं. बोलू का?

उत्तर : जरूर बोला, तिथे राहणाऱ्या कोणालाही तो हक्क आहे, नागरिकत्व वगैरे कोणी विचारत नाही. तिकडे शेजाऱ्यांना कळवण्याची पद्धतच आहे, कौन्सिलचं पत्र येतं किंवा खांबावर नोटीस लागते आणि साधारण २१ दिवसांत कौन्सिलच्या साइटवर अर्ज नंबर टाकून म्हणणं लिहायचं. डिझाइन वाईट आहे, आजूबाजूच्या घरांशी जुळत नाही, तुमच्या बागेत सावली येते, तुमच्या खोलीत थेट दिसतं, हे सगळे मुद्दे तिथे धरले जातात. तुमचा व्ह्यू जातो किंवा घराची किंमत उतरते हे धरत नाहीत, ते लिहू नका. जे लिहाल ते साइटवर सगळ्यांना दिसतं हे लक्षात ठेवून शेजाऱ्याबद्दल वैयक्तिक काही नको. आणि परवानगी मिळाली तर त्यावर अपील शेजाऱ्याला तिथेही नाही, त्यामुळे २१ दिवसच तुमचे.

प्रश्न : आम्ही कधीच वेळेत पोचत नाही. प्रत्येक वेळी कळतं तेव्हा खड्डा खणलेला असतो. आधी कळायचा काही मार्ग? – ठाणे

उत्तर : आहे, पण त्यासाठी बिल्डिंगच्या मागे लागायच्या आधी प्लॅनच्या मागे लागायला पाहिजे. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात, त्यात बदल करायचा तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली परत जाहीर नोटीस आणि परत एक महिना. आराखड्यावर लेखी हरकत दिलीत तर नियोजन समितीपुढे सुनावणीही होते. कुठल्या रस्त्यावर किती उंच, कुठे काय वापर, कुठे मोकळी जागा, हे सगळं त्यातच ठरतं, तुमच्या समोरचा टॉवर पाच वर्षांपूर्वी त्या नकाशात ठरलेला असतो आणि तेव्हा आपण कोणीच तो उघडून बघितलेला नसतो.

हरकतींनी काही होत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी : मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा फेब्रुवारी २०१५ मधे आला, त्यात इतक्या चुका सापडल्या, हेरिटेज वास्तूंच्या नोंदी गायब, रस्ते भलतीकडूनच, आणि लोकांनी, आर्किटेक्टांनी, संस्थांनी इतका आवाज केला की एप्रिलमधे सरकारने तो गुंडाळून नव्याने करायला लावला. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ऐंशी हजारांवर हरकती गेल्या होत्या. गोव्यात रिजनल प्लॅन २०११ लोकांनी रस्त्यावर येऊन जानेवारी २००७ मधे रद्द करायला लावला.

या जाहीर नोटिसा पेपरात बारीक अक्षरात येतात आणि महापालिकेच्या साइटवरही असतात. सोसायटीतल्या किंवा वाचनालयातल्या दोघांनी आठवड्यातून एकदा त्या वाचायच्या आणि आपल्या भागाचं काही असेल तर ग्रुपवर टाकायचं एवढं ठरवून घ्या. रिटायर झालेली मंडळी हे काम फार मन लावून करतात.

प्रश्न : आमच्याच सोसायटीचं रिडेव्हलपमेंट आहे. बिल्डरने दाखवलेलं एलिव्हेशन (बाहेरून दिसणारं रूप) मला आवडलं नाही पण बाकीच्यांना कार्पेट एरियाशीच मतलब आहे. एकटी काय करू?

उत्तर : तुमच्या हातात तर बाहेरच्या कोणाहीपेक्षा जास्त आहे, तुम्ही मालक आहात. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सभा, व्हिडिओ शूटिंग, ५१ टक्के संमती असं सगळं ठरलेलं आहे, आपल्या सूचना लेखी द्या आणि इतिवृत्तात आल्या का ते तपासा. पण 'एलिव्हेशन आवडलं नाही' असं म्हणू नका, घराघरातलं बोला : कपडे कुठे वाळणार, एसीची बाहेरची युनिट कुठे बसणार, पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळून काळे डाग पडू नयेत म्हणून खिडकीवर छज्जा आहे का, पाइप डक्टमधे आहेत का. आपल्या बिल्डिंगा पाच वर्षांत भेसूर दिसायला लागतात ते याच चार गोष्टींमुळे, आणि या गोष्टी सगळ्यांना पटतात. पटल्या की त्या ड्रॉइंगमधे दाखवून घ्या आणि ती ड्रॉइंग्ज डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटला परिशिष्ट म्हणून जोडून घ्या. ब्रोशरमधलं चित्र धरून भांडता येत नाही, अ‍ॅग्रीमेंटला जोडलेलं ड्रॉइंग धरून भांडता येतं.

प्रश्न : मी फेसबुकवर एका नव्या बिल्डिंगचा फोटो टाकून 'शहराचा कचरा केला' असं लिहिलं, तर बिल्डरच्या माणसाने अब्रुनुकसानीची धमकी दिली. पोस्ट काढू का?

उत्तर : रस्त्यावरून दिसणाऱ्या बिल्डिंगचा फोटो टाकणं आणि ती आवडत नाही असं लिहिणं हे तुमचं मत झालं, ते मांडायचा हक्क आहे. काळजी घ्यायची ती आरोपांची. 'पैसे खाऊन परवानगी दिली', 'बेकायदा आहे' असं पुरावा हातात नसताना लिहिलं असेल तर तेवढी वाक्यं आजच काढा, कमेंटमधे दुसऱ्याने लिहिली असतील तर तीही. बाकीची पोस्ट ठेवा. माझा सल्ला असा की तिच्याखाली परवानगीचा नंबर, मार्जिन किती हवं होतं आणि किती दिसतंय, माहिती अधिकाराचा अर्ज कधी केला, एवढं जोडा. धमकी फोनवर आली असेल तर तारीख-वेळ लिहून ठेवा, मेसेज असेल तर स्क्रीनशॉट, आणि वकिलाची नोटीस खरंच आली तर स्वतः उत्तर देऊ नका, वकिलाकडूनच द्या.